मुलांच्या अंगावरचा तीळ, डाग आणि मेलानोमा : खान्देशातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

मे महिन्यात माझ्या जळगावच्या ओपीडीत एक ठरलेली गर्दी असते. शाळा बंद, पोरं मामाच्या गावाला आलेली, आणि आंघोळ घालताना आजीच्या नजरेत भरलेला एखादा तीळ. "डॉक्टर, हाऊ तीय वाढी राह्यना," म्हणत आजी पोराचा सदरा वर करते. बहुतेक वेळा मी तीळ बघते, भिंगातून पुन्हा एकदा बघते आणि त्यांना चहा पिऊन घरी जायला सांगते. खाली दिलेले प्रश्न या गर्दीतूनच आलेत. काही मोबाइलवर भलतंसलतं वाचून घाबरलेल्या आईवडिलांचे आहेत, तर काही खरोखर विचारायलाच हवेत असे.

मेलानोमा म्हणजे काय? हा त्वचेचा कॅन्सरच ना?

हो. आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, त्यांना मेलानोसाइट म्हणतात. या पेशी ताळ सोडून वाढू लागल्या की मेलानोमा होतो. त्वचेचे इतर कॅन्सर बहुतेक वेळा जागच्या जागी पसरतात. मेलानोमा मात्र खोलवर उतरतो, आधी जवळच्या लसिका गाठींत, म्हणजे काख, जांघ, मान इथल्या गाठींत, आणि मग फुप्फुस, यकृत, मेंदू इथवर जाऊ शकतो. त्यामुळे तो किती रुंद आहे यापेक्षा किती मिलिमीटर खोल गेलाय, हे जास्त महत्त्वाचं.

लहान मुलांना होतो का हा?

होतो, पण फारच क्वचित. गोऱ्या लोकांची वस्ती मोठी असलेल्या अमेरिकेतसुद्धा २० वर्षांखालच्या मुलामुलींत वर्षाला सुमारे ४०० रुग्ण सापडतात. तिथल्या एकूण मेलानोमा रुग्णांच्या ते एक टक्काही भरत नाहीत. भारतात मोठ्या माणसांतच हा आजार कमी, मुलांत तर आणखी कमी. त्यातही दहा वर्षांच्या आतलं प्रमाण अगदी थोडं, वयात येताना आणि त्यानंतर ते वाढतं.

तेव्हा पोराच्या अंगावर पंचवीस तीळ आहेत म्हणून रात्र जागून काढू नका. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एक गोष्ट तेवढी धरून ठेवा: मुलाच्या अंगावरून काहीही काढलं, मग ते चामखीळ असो की मस, तर तो तुकडा तपासणीला गेला पाहिजे. कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये.

आमची पोरं सावळी. गोऱ्या लोकांचा आजार आम्हाला कशाला होईल?

सावळ्या कातडीतलं मेलानिन उन्हापासून बरंच संरक्षण देतं, हे खरंच आहे. पण मेलानोमाचा एक प्रकार उन्हाशी फारसा संबंध ठेवत नाही. तो तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो. आपल्याकडे मोठ्या माणसांत जे मेलानोमा सापडतात त्यांत या जागांचा वाटा मोठा आहे. शेतात अनवाणी वावरणारा माणूस तळपायाच्या काळ्या डागाला वर्षभर 'काटा गेला असेल' म्हणत राहतो, आणि येतो तेव्हा जांघेत गाठ आलेली असते. मुलांत हे विरळाच, पण पाय बघायची सवय घरात एकदा लागली की पोराबरोबर आजोबांचेही पाय बघितले जातात. त्यात फायदा आजोबांचाच जास्त.

कोणता तीळ दाखवायला आणायचा?

मोठ्यांसाठी ए-बी-सी-डी-ई असे पाच निकष जगभर शिकवतात. तिळाच्या दोन बाजू एकसारख्या नसणं, कड वेडीवाकडी असणं, एकाच तिळात दोन-तीन रंग असणं, आकार ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे शिसपेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा असणं, आणि तीळ बदलत जाणं. मोबाइलवर तुम्ही वाचलेलं ते हेच.

मुलांच्या बाबतीत मात्र हे निकष दगा देतात. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या त्वचारोगतज्ज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी ६० टक्के आणि अकरा ते एकोणीस वयाच्यांपैकी ४० टक्के रुग्ण या नेहमीच्या निकषांत बसलेच नव्हते. मुलांतला मेलानोमा पुष्कळदा काळा नसतोच. तो गुलाबी किंवा लालसर असतो, एकाच रंगाचा, गोल, वर आलेला, पेरूच्या बीएवढा नाहीतर मक्याच्या दाण्याएवढा. तिथे आधी तीळही नसतो, नव्यानेच उगवतो. सहज धक्का लागला तरी रक्त येतं. घरचे त्याला चामखीळ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर पहिल्या नजरेत डॉक्टरही तेच म्हणतात.

यावल तालुक्यातल्या एका सात वर्षांच्या मुलाच्या गालावर अशीच एक लालभडक गुळगुळीत गाठ होती. टॉवेल लागला की भळाभळा रक्त, शर्टाच्या कॉलरवर वाळलेले डाग. आई म्हणाली, पंधरा दिवसांत हरभऱ्याएवढी झाली. ती पायोजेनिक ग्रॅन्युलोमा निघाली, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ. अशा गाठींपैकी बहुतेक तीच निघते. पण ती तीच आहे, हे मी रिपोर्ट हातात आल्यावरच म्हणाले.

तर मुलांसाठी माझी कसोटी साधी आहे. दोन-तीन महिन्यांत स्पष्ट वाढलेलं, वर आलेलं, विनाकारण रक्त येणारं, खपली धरून पुन्हा पुन्हा फुटणारं, किंवा बाकीच्या तिळांच्या मेळ्यात एकटंच वेगळं दिसणारं काहीही असेल तर घेऊन या. रंग कोणताही असो.

वयात येताना तीळ मोठे आणि गडद होतात. हे पण 'बदलणं'च नाही का?

होतात, आणि ते नेहमीचंच आहे. मूल उंच होतं तसा तीळही ताणला जातो. नवे तीळ तर तिशी-चाळिशीपर्यंत येत राहतात. सगळे तीळ मिळून सावकाश बदलत असतील तर काळजी नको. एकटाच पुढे पळत असेल तर दाखवा. कधी तिळाभोवती पांढरं कडं येतं आणि घरात 'कोड फुटलं' म्हणून रडारड होते. किशोरवयात हे बऱ्यापैकी दिसतं आणि बहुधा निरुपद्रवी असतं. मधला तीळ काही महिन्यांत पुसट होत नाहीसाही होतो. एकदा दाखवून घ्या, बस्स.

तळपायावर काळा डाग आलाय. काटा की कॅन्सर?

पोरांच्या पायात काय काय नसतं! बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक, कबड्डी-क्रिकेटमध्ये टाच घासून कातडीत साकळलेलं रक्त, कुरूप, साधा तीळ. साकळलेल्या रक्ताचे टाचेवर बारीक काळे ठिपके दिसतात. आम्ही वरची मेलेली कातडी ब्लेडने हलकेच खरवडतो, दुखत नाही. डाग निघून गेला तर विषय संपला. निघाला नाही तर डर्मोस्कोपने बघतो. हे प्रकाश टाकणारं भिंग असतं. तळव्याच्या कातडीवर ठशांसारख्या समांतर रेषा असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा त्या रेषांमधल्या खाचांत दिसतो, मेलानोमाचा उंचवट्यांवर. दोन मिनिटांचं काम, सुईसुद्धा लागत नाही. घरी मात्र पिन तापवून खोदू नका.

नखात उभी काळी रेघ आहे.

सावळ्या माणसांच्या नखांत अशा रेघा नेहमीच्या. मुलांत एकाच नखात रेघ आली तर ती बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी असलेल्या तिळामुळे असते. मार लागून साकळलेलं रक्त असेल तर ते नखाबरोबर पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं जेमतेम एक. त्यामुळे पायाच्या अंगठ्यातलं रक्त निघून जायला वर्षही लागू शकतं. मोजपट्टी बाजूला ठेवून दर महिन्याला फोटो काढा. रेघ भराभर रुंद होत असेल, नख फाटत असेल किंवा रंग नखाच्या कडेच्या कातडीवर उतरत असेल तर वेळ घालवू नका. मोठ्या माणसांत ही खूण धोक्याची मानतात. मुलांत साध्या तिळातही ती दिसू शकते, म्हणून उगाच घाईने नखाची चिरफाड करायची नसते, तज्ज्ञाच्या हाताखाली लक्ष ठेवायचं असतं. आणि लग्नसराईतली मेहंदी नखांवर चढली असेल तर आधी तेवढं सांगा. आमची अर्धी तपासणी वाचते.

बाळाच्या पाठीवर जन्मापासून मोठा काळा, केसाळ डाग आहे. सासूबाई म्हणतात ग्रहण पाळलं नाही म्हणून.

ग्रहणाचा यात काडीचाही संबंध नाही. ग्रहणात तुम्ही भाजी चिरली असेल, झोपला असाल, काहीही केलं असेल, डाग त्याने आलेला नाही. गर्भ पोटात वाढत असताना रंगपेशींच्या एका जनुकात आपोआप बदल होतो, त्यातून हा डाग येतो. तो आईकडून येत नाही आणि बापाकडूनही येत नाही. हे वाक्य मी मुद्दाम सासूबाईंसमोर म्हणते.

जन्मजात तीळ शंभरात साधारण एका बाळाला असतो. लहान असेल तर आयुष्यभराचा धोका एक टक्क्याच्याही खाली, आणि तोही बहुतेक मोठेपणीचा. मोठेपणी २० सेंटिमीटरच्या वर जाईल असा राक्षसी डाग मात्र वेगळा. असा साधारण वीस हजार जन्मांमागे एक. बाळाचा डाग अंगाबरोबर वाढतो, डोक्यावरचा जवळपास दुप्पट आणि धडावरचा तिपटीच्या आसपास होतो, हे धरून हिशेब करायचा. या राक्षसी डागांत मेलानोमाचा धोका साधारण २ ते ५ टक्के मानतात. तो होणार असेल तर पुष्कळदा पहिल्या पाच-सात वर्षांतच होतो. डाग जितका मोठा आणि भोवती पिलांसारखे विखुरलेले छोटे डाग जितके जास्त, तितका धोका जास्त. अशा बाळाच्या मेंदूच्या आवरणातही रंगपेशी साठलेल्या असू शकतात. म्हणून पहिल्या चार-सहा महिन्यांतच एमआरआय करतात. मेंदू पुढे परिपक्व झाला की त्या पेशी चित्रात नीट दिसत नाहीत, त्यामुळे 'थोडा मोठा होऊ द्या' हा सल्ला इथे चुकीचा ठरतो.

डाग कापून काढला तर धोका संपतो का? शस्त्रक्रियेने धोका खात्रीने कमी होतो, असं सिद्ध झालेलं नाही. दिसणं, खाज, कातडी फाटणं यासाठी ती करतात, टप्प्याटप्प्याने. रोजचं काम म्हणजे तेल लावताना बोटांनी चाचपणं. मेलानोमा अशा डागात खोलवरही सुरू होऊ शकतो, त्यामुळे डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागतो. नवी कडक गाठ लागली की आठवड्याच्या आत दाखवा.

बाळाच्या ढुंगणावरचे निळसर डाग मात्र यातले नव्हेत. ते आपल्याकडच्या बहुतेक बाळांना असतात आणि शाळेत जाईपर्यंत पुसट होतात.

बिब्बा लावून तीळ घालवता येतो का? चामखिळीला घोड्याचा केस बांधतात, त्याचं काय?

पोटतिडकीने लिहिते. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. त्याने तिळाचा वरचा थर जळतो, खालच्या पेशी तिथेच राहतात. वर फोड, पाणी, आणि महिनोन्‌महिने टिकणारा काळा चट्टा. मग मी भिंगातून बघते तेव्हा मूळ तीळ कसा होता, हे कळायला मार्गच नसतो. चुना-सोड्याचंही तेच, यात्रेत 'तीळ काढून देतो' म्हणून बसलेल्या माणसाच्या ॲसिडचंही तेच, पार्लरमधल्या सुईचंही तेच. अर्धवट काढलेला साधा तीळ व्रणातून पुन्हा उगवला की सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा मेलानोमासारखा भासू शकतो. तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरला, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला, आधीचा इतिहास माहीत नसेल तर साध्या तिळाच्या पोराला कॅन्सरचा रिपोर्ट मिळायची भीती.

घोड्याच्या शेपटीचा केस बांधून गळालेलं चामखीळ एका आजोबांनी मला काड्यापेटीत घालून आणून दाखवलं होतं. केस सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेतला, हे अभिमानाने सांगत. चामखीळ वाळून मिऱ्याएवढं झालेलं, तपासण्यात काही अर्थ उरला नव्हता. पण तुकडा जपून आणायची त्यांची बुद्धी मला फार आवडली. एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी माणूस आधी आणा.

कॅन्सरला हत्यार लागलं की तो पसरतो ना? मग बायोप्सी कशाला?

हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. बायोप्सीने मेलानोमा पसरत नाही. 'हत्यार लावू नका' म्हणून घरी घालवलेल्या सहा महिन्यांत तो पसरतो.

पद्धत अशी: संशय असलेली गाठ शक्य असेल तर पूर्णच काढायची, भोवतालची १ ते ३ मिलिमीटर चांगली कातडी आणि खालची थोडी चरबी धरून. वरवर तासायची नाही, लेझर मारायचा नाही, कॉटरीने जाळायची नाही, कारण खोली मोजता आली पाहिजे. मोठी मुलं जागा बधिर करून शांत बसतात, लहानग्यांना थोडी भूल लागते. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. बाटलीवर मुलाचं नाव, वय आणि जागा लिहिलेली आहे ना, हे स्वतः वाचून घ्या. वय मुद्दाम म्हणते, कारण सात वर्षांच्या आणि सत्तर वर्षांच्या माणसातल्या त्याच चित्राचा अर्थ वेगळा लागतो.

रिपोर्टमध्ये 'स्पिट्झ' असं लिहिलंय. हा कॅन्सर आहे का?

साधा स्पिट्झ तीळ कॅन्सर नव्हे. सोफी स्पिट्झ या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने १९४८ मध्ये मुलांतल्या अशा गाठींचं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मेलानोमासारख्या दिसत, पण मुलं ठणठणीत राहत. तेव्हापासून पॅथॉलॉजिस्टांची डोकेदुखी सुरू आहे. एका टोकाला निरुपद्रवी स्पिट्झ तीळ, दुसऱ्या टोकाला स्पिट्झसारखा दिसणारा खरा मेलानोमा, आणि मध्ये 'नक्की सांगता येत नाही' असा पट्टा. त्या पट्ट्यात अनुभवी माणसांचंही एकमत होत नाही.

म्हणून मुलाच्या रिपोर्टवर मेलानोमा, स्पिट्झ किंवा 'ॲटिपिकल' यातला कोणताही शब्द असेल तर दुसरं मत घ्याच. त्यासाठी मूल पुन्हा कापावं लागत नाही. लॅबमध्ये तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि काचपट्ट्या ठेवलेल्या असतात. त्या मागून घ्या आणि मोठ्या कॅन्सर केंद्रात पाठवा. तिथे मेलान-ए, एचएमबी-४५, एसओएक्स-१० अशी रंगद्रव्यं लावून बघतात, लागलं तर जनुकीय तपासणीही करतात.

मेलानोमा पक्का झाला. आता पुढे काय?

रिपोर्टवर 'ब्रेस्लो' असा आकडा शोधा. गाठ किती मिलिमीटर खोल गेली तो हा आकडा, आणि पुढचा बराचसा निर्णय त्यावर होतो. १ मिलिमीटरपर्यंत असेल तर व्रणाभोवती सुमारे १ सेंटिमीटर कातडी पुन्हा काढतात. २ मिलिमीटरच्या वर असेल तर २ सेंटिमीटर. चेहऱ्यावर किंवा लहानग्याच्या बोटावर एवढी जागाच नसते, तिथे सर्जन तडजोड करतो. आधीच सगळं काढलं, मग पुन्हा का, असं पालक विचारतात. पहिली शस्त्रक्रिया निदानासाठी होती, ही कडेला राहिलेल्या पेशींसाठी.

खोली एक मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल तर सेंटिनल गाठीची तपासणी सुचवतात. सेंटिनल म्हणजे वेशीवरची पहिली गाठ. व्रणाजवळ निळा रंग आणि किंचित किरणोत्सारी द्रव टोचतात, तो वाहत ज्या लसिका गाठीत आधी पोचतो तेवढीच काढून तपासतात. त्या गाठीत पेशी सापडल्या की पूर्वी त्या भागातल्या सगळ्याच गाठी काढत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मोठ्या माणसांत असं केल्याने आयुष्य वाढत नसल्याचं दिसलं. आता बहुधा सोनोग्राफीने लक्ष ठेवतात. त्यामुळे हातापायाला कायमची सूज येण्याचं संकट बऱ्याच जणांचं टळतं. मुलांत सेंटिनल गाठीत पेशी सापडण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं, आणि तरीही मुलं जास्त चांगली राहतात. सापडल्या म्हणून हातपाय गाळू नका.

जाता जाता जांघेतल्या गाठीबद्दल. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते दुखतं आणि आठ-दहा दिवसांत उतरतं. न दुखणारी, टणक, तीन आठवडे झाले तरी तशीच असलेली गाठ म्हणजे अवधाण नव्हे.

केमो द्यावा लागतो का?

मेलानोमावर केमोचा परिणाम तोकडाच. रेडिएशनही निवडक वेळी. गेल्या दहा-पंधरा वर्षांत खेळ बदलला तो इम्युनोथेरपीने. कॅन्सरने झोपवून ठेवलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशींना ही औषधं जागं करतात. ज्या शोधातून ती आली, त्यासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. अमेरिकेत इपिलिमुमॅबला २०१७ मध्ये बारा वर्षांवरच्या मुलांसाठी मान्यता मिळाली, पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब त्यानंतर. गाठींपर्यंत पोचलेल्या आजारात शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्षभर, काही आठवड्यांच्या अंतराने सलाइनमधून देतात. केस गळत नाहीत, पण जागं केलेलं सैन्य कधी घरच्यांवरही उलटतं. थायरॉइड, आतडी, यकृत, कधी स्वादुपिंड. औषध सुरू असताना चार-पाच वेळा जुलाब झाले तर गल्लीतल्या दुकानातून गोळी आणू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा.

गाठीत बीआरएएफ नावाच्या जनुकाचा ठरावीक बदल सापडला तर तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांचाही पर्याय असतो. कोणत्या मुलाला काय, हे ट्यूमर बोर्डात बालकर्करोगतज्ज्ञ, सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट मिळून ठरवतात. एकट्यादुकट्या डॉक्टरने ठरवायचं हे काम नाही, माझ्यासारखीने तर नाहीच.

बरा होतो का?

त्वचेपुरताच असताना सापडला तर बहुतेक मुलं बरी होतात. अमेरिकेतल्या नोंदींत अशा मुलांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. दूर पसरलेला असेल तर लढाई अवघड असते, पण इम्युनोथेरपीच्या आधी होती तितकी एकतर्फी राहिलेली नाही. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, मग वर्षातून एकदा, आणि तीही वर्षानुवर्षं. पोरगं कॉलेजला पुण्याला गेलं की ही तपासणी सुटते. फाइल त्याच्याबरोबर पाठवा.

भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. आमच्या मुलांना जास्त धोका आहे का?

उकाडा वेगळा, अतिनील किरण वेगळे. पारा चढला म्हणून कॅन्सर होत नाही. पण आपल्याकडे दोन्ही एकदमच येतात. खान्देश २१ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो की भरदुपारी अंगणात उभं राहिलं तर आपली सावली पायाखालीच गडप होते. शाळेत शून्य सावली दिवस म्हणून दाखवतात तो हाच. सूर्य असा थेट डोक्यावर असताना अतिनील किरण सर्वांत तिखट असतात.

निरोगी सावळ्या मुलाला यासाठी महागडं सनस्क्रीन रोज चोपडायची गरज नाही, असं माझं मत आहे. तळपायाच्या मेलानोमाला सनस्क्रीन अडवतही नाही. सकाळची शाळा, सुती लांब बाह्या, डोक्याला रुमाल, दुपारी केळीच्या बागेत नाहीतर ओट्यावर खेळ, इतकं पुरे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावूच नका, सावलीत ठेवा. ज्यांना खरंच जपायला हवं अशी मुलं थोडी आहेत, त्यांच्याविषयी पुढे.

दीड वर्षाची मुलगी उन्हात नेली की डोळे मिटून रडते, तोंडावर बारीक काळे ठिपके आलेत.

हा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसले. आपल्या सावळ्या मुलांना दोन वर्षांच्या आत तोंडावर असे वांगासारखे ठिपके येत नाहीत. आले, उजेडाने डोळे दिपत असतील, किंवा थोड्याशा उन्हाने कातडी भाजून निघत असेल तर झिरोडर्मा पिगमेंटोसम हा आजार आधी मनात आणायचा. अतिनील किरणांनी पेशीतल्या डीएनएची मोडतोड आपल्या सगळ्यांच्याच अंगात रोज होते आणि शरीर ती रोज दुरुस्त करतं. या मुलांचं ते दुरुस्तीचं यंत्र जन्मतः बिघडलेलं असतं. वीस वर्षांच्या आत त्यांना मेलानोमाचा धोका इतरांच्या सुमारे २,००० पट आणि त्वचेच्या इतर कॅन्सरचा सुमारे १०,००० पट असतो. इतर प्रकारचा पहिला कॅन्सर सरासरी नवव्या वर्षीच दिसतो.

दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो, म्हणून नात्यात लग्न झालेल्या घरांत जास्त आढळतो. मामाची मुलगी करायची रीत असलेल्या घरांत मी हे लग्नाआधीच सांगते, राग आला तरी. पुढच्या गरोदरपणात जनुकीय सल्ला घेता येतो.

औषध नाही, पण पहारा ठेवता येतो. शाळेतला बाक खिडकीपासून लांब, कारण काचेतून अतिनील किरणांचा एक भाग आत येतोच. खिडक्यांना अतिनील अडवणारी फिल्म, अंगभर कपडे, मोठ्या काठाची टोपी, कडेने बंद असलेला चष्मा, जाड थराने सनस्क्रीन दर दोन तासांनी. वेल्डिंगच्या दुकानासमोर उभं राहायचं नाही, त्या ठिणगीतही तेच किरण असतात. ऊन तुटल्याने ड जीवनसत्त्व द्यावं लागतं. दर तीन महिन्यांनी त्वचा आणि डोळे तपासायचे. मुलगी संध्याकाळी खेळेल, आणि गल्लीतली पोरं तिच्यासाठी खेळाची वेळ बदलतात. हे मी एका गावात बघितलंय.

जन्मतः पांढऱ्या असलेल्या मुलांना? आणि कोड असलेल्यांना?

जन्मतः केस, कातडी, बुबुळं फिकी असलेल्या मुलांना उन्हाचा कॅन्सर लवकर होतो, बहुधा मेलानोमा सोडून दुसऱ्या प्रकारचा. झालाच मेलानोमा तर तो गुलाबी असतो आणि निसटतो. त्यांना वर सांगितलेली सगळी काळजी लागू. कोड वेगळं. कोडातून मेलानोमा होत नाही.

गोंदण किंवा टॅटूने होतो का?

होतो असा पुरावा नाही. पण तिळावर गोंदू नका. शाईखाली बदल दिसत नाही.

एकाचा दुसऱ्याला लागतो का?

नाही. एका ताटात जेवू द्या, एका बाकावर बसू द्या.

दाखवायचं कुठे आणि खर्चाचं काय?

सुरुवात त्वचारोगतज्ज्ञाकडून. जळगाव आणि नंदुरबारचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे ओपीडी आहे. निदान पक्कं झालं किंवा संशय दाट असला तर मुलांच्या कॅन्सरचा स्वतंत्र विभाग असलेलं केंद्र गाठा. आपल्याकडून बहुतेक जण परळच्या टाटा मेमोरियलला जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. सगळी नवी औषधं पॅकेजात बसतीलच असं धरू नका. टाटामध्ये समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी नाव घाला. मुलांच्या उपचारांसाठी तिथे इम्पॅक्ट फाउंडेशनही मदत करतं.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्यात ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो पहिल्या भेटीतच भरून घ्या. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा पुष्कळांना आधार देते.

घरी किती वेळा तपासायचं?

महिन्यातून एकदा पुरे. लहानांचं आंघोळीत होतं. पंचाईत बारा-तेरा वर्षांच्या मुलांची. ती आईसमोर सदरा काढत नाहीत. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तेल-उटणं लावायच्या निमित्ताने पाठ, मान, कानामागे, तळपाय, बोटांच्या बेचक्या बघून घ्या. तेवढ्या एका पहाटे कुणी कुरकुर करत नाही.

मुलाच्या पाठीवरची गाठ मागच्या वर्षी काढली, तुकडा तपासला नाही. आता काय?

चोपड्याकडच्या तेरा वर्षांच्या एका मुलाचं नेमकं हेच झालं होतं. गाठ एका दवाखान्यात दहा मिनिटांत निघाली, तुकडा डब्यात गेला, आणि सात महिन्यांनी व्रणाच्या कडेला ती पुन्हा उगवली. आम्ही सगळा व्रण काढला. स्थानिक रिपोर्ट दोन्हीकडे झुकणारा आला, म्हणून ब्लॉक मुंबईला पाठवला. सहा आठवड्यांनी 'पुन्हा उगवलेला साधा तीळ' असं उत्तर आलं. ते सहा आठवडे वडील कापूस विकायला बाजारात गेले नाहीत.

तेव्हा आधी त्या दवाखान्यात विचारा. कधीकधी तुकडा लॅबला गेलेला असतो आणि रिपोर्ट कुणी आणलेलाच नसतो. खरंच फेकला असेल तर घाबरून व्रण पुन्हा कापायला लावू नका. एकदा दाखवा, काखेतल्या आणि मानेच्या गाठी तपासून घ्या, आणि पुढची दोन वर्षं दर तीन महिन्यांनी व्रणाचा फोटो काढा. व्रणात रंग परतला किंवा कडक दाणा लागला तर लगेच या. येताना गाठ काढायच्या आधीचे फोटो शोधून आणा. पोहताना, वाढदिवसाला, कुठेही उघड्या अंगाने काढलेला चालेल. गाठ डोक्यावरची असेल तर जावळ काढल्या दिवशीचा फोटो बघा. टक्कल केलेल्या डोक्यावर जन्मापासूनचा डाग होता की नव्हता, ते त्यात स्वच्छ दिसतं.